अजगर व त्याची राहणी

संस्कृतात ‘अज’ म्हणजे बकरा व ‘गर’ म्हणजे गिळणारा. त्यावरून अजगर हे नाव पडले. हे नाव कानी येताच मनुष्य काठी शोधू लागतो. परंतु प्रिय वाचकहो, हा सर्प बिनविषारी आहे. आणि तो आपल्या श्वासाने जनावरास दुरून ओढून घेतो, ही समजूत निराधार होय.

तो भक्ष्याचा पाठलाग करीत नाही. वाटेच्या कडेस पाचोळ्यात निपचित पडून राहतो. त्याच्या ओठांवर बारीक खळगे असतात. त्यांच्या योगे उष्ण रक्ताचा प्राणी त्यास काळोखातही कळतो. भक्ष्य टप्प्यात आले म्हणजे आत वळलेल्या दातांनी ते धरून तो त्याभोवती वेढे घालतो. श्वास कोंडल्याने प्राणी मरतो, असे पुष्कळ काळ मानीत असत. अमेरिकेतील शोधकांनी अशाच रीतीने वेढे घालणाऱ्या बोआ नामक सर्पाची परीक्षा करून सन २०१५ मध्ये दाखविले की, त्या दाबाने काही सेकंदांतच रक्ताचे वाहणे खुंटते.

मोठे भक्ष्य गिळल्यावर त्यास हालचाल कठीण होते, व कित्येक अजगर याच वेळी लाठ्यांखाली मरतात. शेळी गेली तर गरिबाची हानी खरीच. पण असहाय पडलेल्या जिवास झोडपणे हा काही पराक्रम नव्हे. शिवाय तो उंदीरघुशीही खातो, हे आपण सहसा मोजीत नाही. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास मारणे गुन्हा आहे. तो घराजवळ आढळल्यास लोकांस दूर ठेवून वनखात्यास कळवावे.

मादीची रीत तर फारच नवलाची. अंड्यांची रास करून ती तिच्याभोवती वेटोळे घालून बसते, आणि सुमारे दोन महिने बहुधा अन्नावाचून राहते. सर्पाचे अंग थंड, मग ऊब कोठून येणार? सन १८४१ मध्ये पॅरिस येथील प्राणिसंग्रहात वालांसिएन नामक पंडिताने ब्रह्मदेशी जातीच्या अजगराच्या वेटोळ्यात उष्णतामापक ठेवला, तो आतील उष्णता बाहेरच्या हवेहून पुष्कळ अधिक निघाली. मादी आपले स्नायू वारंवार आखडून ती ऊब उत्पन्न करते, हे मागाहून कळले. पिले बाहेर पडली म्हणजे मात्र तिचे काम संपते. ती आपापल्या वाटेने जातात, व आपले भक्ष्य आपणच शोधतात.