काळा दगड आणि टोल नाका

पुणे-बंगळूर रस्ता आपल्या सातारा जिल्ह्यातून कराडवरून पुढं सांगली जिल्ह्यात पेठ नाक्याला जातो. वाटेत आनेवाडी आणि तासवडे येथे टोल नाके आहेत. टोल म्हणजे रस्ता वापरल्याचे पैसे. २०२१ पासून ते फास्टॅगने कापतात.

आपल्याकडे कोळशाच्या खाणी नाहीत, दगडाच्या आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन हा काळा दगड झाला. तो सुरुंगाने फोडतात, क्रशरवर त्याची खडी होते. तीच डांबराखाली जाते.

माझे वडील खडीच्या गाडीवर आहेत. मी विचारलं, "दादा, दगड आपल्याच डोंगराचा, मग टोल कशाला?" दादा हसले. म्हणाले, "नुसत्या दगडाचा रस्ता हुतो व्हय? पर त्या डोंगरावर आमची शेरडं चरायची."

आता तिथं खोल खड्डा आहे. पावसाळ्यात तो भरतो. कडा सरळ आहेत, वर यायला वाट नाही. कुणी तिकडं पोहायला जाऊ नये.