धोकादायक वृक्ष : सुरक्षितता आणि अधिवास यांचे अर्थकारण

२० मे २०२० रोजी आलेल्या अम्फान चक्रीवादळात कोलकाता शहरातील हजारो वृक्ष उन्मळून पडले. अशा आपत्तीनंतर जुने व पोकळ वृक्ष सरसकट तोडण्याची मागणी होते. तिच्यामागील भीती निराधार नाही. तथापि ज्या पोकळीमुळे वृक्ष कमकुवत ठरतो, तीच पोकळी पिंगळा, पोपट व राखी धनेश यांचे घर असते. सुतार आणि तांबट पक्षी स्वतः ढोली कोरतात. पिंगळा व धनेश आयत्या ढोलीवर अवलंबून असतात. मोठी ढोली तयार होण्यास अनेक दशके लागतात.

जोखमीचे मोजमाप

जोखीम दोन गोष्टींवर ठरते : वृक्ष किंवा फांदी पडण्याची शक्यता आणि पडल्यास होणारी हानी. शाळेच्या फाटकावर झुकलेला पोकळ वृक्ष आणि उद्यानाच्या निर्जन कोपऱ्यातील तसाच वृक्ष यांची जोखीम म्हणूनच सारखी नसते. पहिल्याबाबत तातडीची कृती हवी. दुसऱ्याबाबत बाक किंवा पायवाट हलवूनही धोका टळू शकतो.

अतिरिक्त तोड का होते?

वृक्ष पडून जीवितहानी झाल्यास अधिकाऱ्यास जाब विचारला जातो. ढोली नष्ट झाल्यास कोणीही विचारत नाही. एका बाजूचा खर्च दृश्य व दुसऱ्या बाजूचा अदृश्य असल्याने निर्णय तोडीकडे झुकतो. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणामांची समस्या म्हणतात. पश्चिम बंगालमधील रेल्वे उड्डाणपुलांसाठी होणाऱ्या वृक्षतोडीच्या प्रकरणात, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालाने वृक्षाचे मूल्य त्याच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे ७४,५०० रुपये धरले होते. आकड्याबाबत मतभेद संभवतात. परंतु वयानुसार मूल्य वाढते, हे त्यातील तत्त्व महत्त्वाचे आहे.

कायदेशीर चौकट

दिल्ली वृक्ष संरक्षण अधिनियम, १९९४ नुसार जीवितास वा मालमत्तेस गंभीर धोका असल्यास जागेचा मालक वृक्ष त्वरित तोडू शकतो. मात्र २४ तासांत वृक्ष अधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा होऊन ५० वर्षे वा अधिक वयाचे वृक्ष ‘वारसा वृक्ष’ ठरले आणि तोडलेल्या वृक्षाच्या वयाइतकी रोपे लावण्याची तरतूद झाली. रोपे सावलीची भरपाई कालांतराने करतील. ढोलीची भरपाई त्यांच्याकडून लगेच होणार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करणेही अंतर्भूत आहे.

सुरक्षित कार्यपद्धती

१) प्रथम ढोल्यांची पाहणी करावी. शहरांत पावसाळापूर्व छाटणी बहुधा एप्रिल-मे महिन्यांत होते. नेमक्या याच काळात राखी धनेशाची मादी ढोलीत स्वतःला बंद करून घेते आणि नर तिला अन्न भरवतो. या काळात वृक्ष पाडल्यास मादी व पिल्ले दोन्ही दगावू शकतात. तातडीचा धोका नसल्यास काम विणीच्या हंगामानंतर, शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावे.

२) केवळ धोकादायक भाग काढावा. वाळक्या फांद्या छाटून व शेंड्याचा भार कमी करून वाऱ्याचा ताण घटवता येतो. बुंधा व मुळे भक्कम असल्यास ढोलीसह खोडाचा खालचा भाग उभा ठेवता येतो. त्याची नियमित तपासणी मात्र आवश्यक आहे.

३) वाळलेले लाकूड अचानक मोडते, त्यामुळे कामगारास त्यावर चढवू नये. यांत्रिक शिडी, शिरस्त्राण व सुरक्षापट्टा द्यावा, वीजप्रवाह बंद करावा आणि वर्दळ रोखावी. कंत्राटी कामगाराचा जीव हाही या हिशेबाचाच भाग आहे.

४) वृक्ष पूर्ण काढणे अपरिहार्य असल्यास ढोलीचा तुकडा दोराने अलगद उतरवावा आणि काही ओंडके उद्यानात कुजू द्यावेत. त्यांत कीटक, बुरशी व सरडे आश्रय घेतात.

प्रतिबंध हाच स्वस्त उपाय

बुंध्याभोवतीच्या काँक्रीटमुळे मुळांना पाणी व हवा मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतील वृक्षांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो यासाठीच. वृक्षगणनेत वय व प्रजातीबरोबरच ढोली आणि धोक्याची श्रेणी यांची नोंद झाली, तर प्रत्येक तोडीमागील कारण तपासता येईल. सुरक्षितता आणि अधिवास यांपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ बहुधा निगा राखण्यात झालेल्या दिरंगाईमुळे येते.