माळेआधी दवाखाना



‘व्यसन’ हा शब्द ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘अस्’ म्हणजे फेकणे या धातूपासून झाला आहे. मनुष्याला त्याच्या कल्याणापासून दूर फेकते ते व्यसन. याच शब्दाचा दुसरा अर्थ संकट. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कामज व्यसने दहा सांगितली असून, त्यांतील अति घातक चारांत मद्यपान पहिले आहे. म्हणूनच तुळशीची माळ घालताना मद्यमांस वर्ज्य करण्याचा नेम घ्यावा लागतो. हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु एक गोष्ट आम्हांलाही पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हती. ती आज सांगावयाची आहे.

२०११ साली एका खेड्यात सप्ताहात आमचे काल्याचे कीर्तन झाले. कीर्तनानंतर एक गृहस्थ पाय धरून रडू लागले. वीस वर्षे रोज पिणारे. आम्ही म्हणालो, “माउली, आजच सोडा. माळ घाला, पांडुरंग सांभाळील.” त्यांनी माळ घातली, आम्ही पुढच्या गावी गेलो.

चौथ्या दिवशी निरोप आला. त्यांनी थेंबही घेतला नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून हात थरथरू लागले, तिसऱ्या रात्री भिंतीवर साप दिसू लागले, बोलणे असंबद्ध झाले. कोणी म्हणे बाहेरचे लागले, कोणी म्हणे माळ सोसली नाही. अंगारेधुपारे झाले. शेवटी पुतण्याने जीप करून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेले, म्हणून प्राण वाचले.

तेथील डॉक्टरांनी आमचे अज्ञान दूर केले. दारू मेंदूला मंद करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तिच्याविरुद्ध सतत जोर लावून असतो. रस्सीखेचीत पलीकडच्यांनी दोर एकाएकी सोडला तर अलीकडचे कोसळतात ना? तसेच येथे होते. काही तासांतच कंप सुटतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. सर्वांनाच इतके होत नाही. पण ज्याला होते, त्याच्या जिवाशी गाठ असते. वेळीच औषध मिळाले तर हे टळते.

मग नेम व्यर्थ काय? मुळीच नाही! औषध पहिले काही दिवस शरीर सांभाळते. पुढची वर्षे कोण सांभाळणार? गीता सांगते, विषयाच्या चिंतनातून संग, संगातून काम. जुनी संगत सोडावयाची तर नवी हवी. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींनी एकमेकांना धरून दारू सोडली, त्यातूनच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ हेच कार्य करीत आहे. अहो, आपली दिंडी दुसरे काय आहे?

तेव्हा विनंती एवढीच. ज्याचे हात सकाळी घेतल्याशिवाय स्थिर होत नाहीत, त्याला प्रथम दवाखान्यात न्या. माळ मागाहून घाला, आणि मग त्याला एकटा सोडू नका. नेम मोडला तरी त्याला पंक्तीतून उठवू नका.

ते गृहस्थ पुढे दोनदा घसरले. दोन्ही वेळा आम्ही स्वतः त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो, आणि परतल्यावर पुन्हा माळ घातली. आज ते आमच्या दिंडीत टाळ धरतात. नव्याने कोणी दारू सोडावयास आला, की त्याच्या शेजारी तेच चालतात.

रामकृष्णहरी!