ग्राफिक्स कार्डाची मेमरी : किती जीबीला पैसे मोजावेत?

नारायणगाव-मंचरकडील काही तरुण व्यापारी आम्हांस विचारतात : दुकानाच्या माळ्यावर गेमिंगचे चार संगणक मांडायचे, तर ग्राफिक्स कार्ड किती जीबीचे घ्यावे? भांडवल बेताचे, बहुधा घरच्यांकडून उसने घेतलेले. म्हणून प्रश्न किरकोळ नाही.

शिंपीबंधूंना हे चटकन समजेल. कार्डाची चिप म्हणजे मशीनवर बसलेला कारागीर आणि मेमरी म्हणजे त्याच्यापुढचे कटिंगचे टेबल. कापड टेबलावर मावले नाही तर ते सारखे आतल्या खोलीतून आणावे लागते व मशीन थांबते. खेळ अडखळतो तो असाच. परंतु टेबल दुप्पट केल्याने कारागिराचा हात दुप्पट चालत नाही. जीटी ७३० सारख्या जुन्या कार्डावर '४ जीबी' असे ठळक लिहिलेले असते. टेबल मोठे, कारागीर मात्र थकलेला. नुसते जीबी पाहून घेणारे येथेच फसतात.

टेबल भरते कशाने? पडद्यावरच्या चित्राने नव्हे. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके. प्रत्येकी ४ बाइट धरले तरी एक चित्र ८ एमबीच्या आसपास. खरी जागा खातात ती भिंती, कपडे, चेहरे यांवर चढवलेली चित्रे, म्हणजे टेक्श्चर.

म्हणून गिऱ्हाईक काय खेळते ते आधी पाहावे. व्हॅलोरंट किंवा २०१५ चा जीटीए फाइव्ह यांना या पडद्यावर ४ जीबी पुरते. २०२३ मध्ये संगणकावर आलेल्या 'द लास्ट ऑफ अस' ने मात्र ८ जीबीच्या कार्डांनाही घाम फोडला. असे नवे खेळ ठेवायचे तर ८ च्या खाली जाऊ नये; १२ असल्यास निर्धास्त. १६ चा उपयोग मुख्यतः ४के पडद्याला, आणि तासाच्या भाड्यावर तो कोण लावतो?

आरटीएक्स ४०६० टीआय २०२३ मध्ये ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आले. चिप तीच, अमेरिकेतील भावात फरक १०० डॉलरचा. ८ जीबीत मावणाऱ्या खेळांत दोन्हींचा वेग जवळपास सारखाच.

मात्र रॅमसारखी ही मेमरी मागाहून वाढवता येत नाही. 'बिनव्याजी' हप्ता कोणी दाखवला तर रोखीचा भावही विचारावा. व्याज कित्येकदा किमतीतच मुरलेले असते. आणि घेण्याआधी ओळखीच्या संगणकावर तोच खेळ अर्धा तास चालवून टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूची मेमरी किती भरते ते पाहावे. ६ जीबीच्या आत राहिली तर ८ चे कार्ड घ्यावे व उरलेले पैसे चांगल्या एसएमपीएस आणि यूपीएसकडे वळवावेत.