चंदनाचे तेल आणि झाडाचे वय

सहाणेवर चंदनाचे खोड उगाळताना दरवळणारा गंध हा त्या लाकडात मुरलेल्या तेलाचा असतो. हे तेल झाडात सर्वत्र सारखे नसते. सालीलगतचे पांढरे लाकूड जवळजवळ गंधहीन असून तेल साठते ते आतील पिवळसर तपकिरी गाभ्यात, आणि मुळांत तर त्याहूनही अधिक. म्हणूनच पक्व चंदन बुंध्याशी न तोडता मुळांसकट काढण्याची रीत आहे. गाभा धरू लागण्यासच साधारणतः दहा वर्षे लागतात. तो भरण्यास पुढे आणखी तितकी तरी वर्षे जावी लागतात. रोपवाटिकेच्या माहितीपत्रकातील उत्पन्नाचे आकडे वाचताना हे वय ध्यानात असावे.

गाभ्याचा भुसा करून त्यातून वाफ सोडली जाते आणि वाफेबरोबर आलेले तेल थंड करून वेगळे करतात. चंदनतेल सहजासहजी उडून जात नसल्याने हे काम दोन-तीन दिवस चालते. चांगल्या गाभ्यातून वजनाच्या शेकडा ४ ते ६ इतके तेल मिळते. त्याचा मुख्य घटक सँटॅलॉल होय. सावकाश उडण्याच्या या गुणामुळेच चंदनतेल अत्तरांचा पाया ठरले. कनोजचे अत्तरवाले गुलाबाची वा केवड्याची वाफ परंपरेने चंदनतेलातच मुरवीत आले. साबण, उदबत्ती व प्रसाधने यांतही ते वापरतात. पोटात घेण्यासाठी मात्र ते वैद्याच्या सल्ल्यावाचून वापरू नये.

पूर्वी म्हैसूरचे चंदन तेल काढण्यासाठी युरोपात जात असे. १९१४ च्या महायुद्धाने ती वाट बंद झाली, तेव्हा संस्थानाने १९१६ मध्ये तेल काढण्याचा उद्योग स्वतःच उभारला. झाडावरची मालकी मात्र दीर्घकाळ सरकारचीच राहिली. कर्नाटकाने २००१ मध्ये कायदा बदलून ती जमीनधारकास दिली आणि त्यानंतर खाजगी लागवडीस वेग आला.

लागवड करणाऱ्याने ध्यानी घ्यावयाची गोष्ट म्हणजे चंदन हे अर्धपरोपजीवी झाड आहे. त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांतून पाणी व क्षार शोषून घेतात. म्हणून पिशवीतील रोपासोबत तूर आणि शेतात करंज, सुरू यांसारखी झाडे लावतात. एकटे लावलेले चंदन खुरटते.

खरा प्रश्न राखणीचा आहे. गाभा भरला की चोर येतात. खोडास भोक पाडून गाभा तपासतात आणि रात्रीतून झाड नेतात. शेतेच काय, सरकारी बंगल्यांची आवारेही यातून सुटलेली नाहीत. आपल्या राज्यात १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत चंदनाचा समावेश असल्याने स्वतःच्या शेतातील झाडासही तोडीची परवानगी लागते. त्यावेळी झाड आपले असल्याचा पुरावा हवा. म्हणून ग्रामपंचायत सदस्यांनी लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांना झाडांची नोंद सातबारा उताऱ्यावर पहिल्याच वर्षी करून घेण्यास सांगावे.