मांडवीचा नगरसेवक : सर इब्राहिम रहिमतुल्ला आणि व्यापाऱ्याने घ्यायचा धडा



मालाच्या खरेदीसाठी मुंबईला गेलो की भेंडी बाजारात आमचा एक फेरा होतोच. तेथे इब्राहिम रहिमतुल्ला रोड आहे. बिलांवर, पार्सलांवर हे नाव आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो, पण हे गृहस्थ कोण, हे विचारण्याची फुरसत आम्ही कधी काढली नाही. माहिती काढली तेव्हा कळले की ते आपल्याच पेशातले, म्हणजे तिजारत करणारे होते. त्यांची वाटचाल आज यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणीच्या दुकानदारानेही समजून घ्यावी अशी आहे.

इब्राहिम रहिमतुल्ला यांचा जन्म 1862 साली मुंबईत एका खोजा व्यापारी घराण्यात झाला. तरुणपणीच ते थोरल्या भावाबरोबर धंद्यात उतरले. 1892 साली ते मांडवी वॉर्डातून मुंबई महापालिकेत गेले. मांडवी म्हणजे बंदरालगतची गोदामांची, दाट वस्तीची पेठ. त्या काळी महापालिकेत 72 सभासद असत. त्यांपैकी 36 वॉर्डांतून निवडून येत, आणि मत देण्याचा हक्क मुख्यतः कर भरणाऱ्यांना असे. म्हणजे कर देणाऱ्याने आपल्या पैशाचा हिसाब विचारण्यासाठी पाठवलेला माणूस, असा नगरसेवकाचा सरळ अर्थ होता.

चार वर्षांत कसोटी आली. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला, तो याच मांडवीत. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. माणसे शहर सोडून पळू लागली, बाजार थंडावला. तुंबलेली गटारे आणि हवा न खेळणाऱ्या चाळी यांची किंमत व्यापाऱ्याला कशी मोजावी लागते, हे त्या साथीने दाखवले. 1898 साली शहरसुधारणेसाठी सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीतून रुंद रस्ते काढण्याचे काम सुरू झाले. पुढच्याच वर्षी, 1899 मध्ये, रहिमतुल्ला महापालिकेचे अध्यक्ष झाले. आज ज्याला आपण महापौर म्हणतो, तेच हे पद.

अध्यक्षपद संपल्यावर ते घरी बसले नाहीत. महापालिकेत ते दोन तपांहून अधिक काळ राहिले. त्याच्या जोडीला मुंबई कायदेमंडळ, मग दिल्लीचे कायदेमंडळ, मग मुंबई सरकारचे कार्यकारी मंडळ, अशा पायऱ्या ते चढत गेले. 1931 ते 1933 या काळात ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष होते. 1942 साली त्यांचा इंतकाल झाला.

आता हा मुंबईचा माणूस आपल्या जिल्ह्याच्या कामाचा कसा, ते पाहू. आपला जिल्हा कापसाचा. येथील रुईच्या गाठी ‘शकुंतला’ या छोट्या रेल्वेने मूर्तिजापूरला जात आणि तेथून मोठ्या गाडीने मुंबईला. त्या रुईचे कापड देशी गिरणीत विणले की त्यावर 1896 पासून इंग्रज सरकार शेकडा साडेतीन अबकारी कर घेई. विलायती कापडावर आयात जकातही तितकीच! लँकेशायरच्या मालाला येथे धक्का लागू नये, म्हणून हा तराजू बसवला होता.

1921 साली सरकारने जकातीचे धोरण तपासण्यासाठी फिस्कल कमिशन नेमले आणि रहिमतुल्लांना त्याचे अध्यक्ष केले. 1922 साली अहवाल आला. बहुमताचे म्हणणे असे की, ठराविक अटी पुऱ्या करणाऱ्या निवडक उद्योगांनाच संरक्षण द्यावे. अध्यक्षांनी मात्र घनश्यामदास बिर्ला, नरोत्तम मोरारजी, जमनादास द्वारकादास आणि शेषगिरी अय्यर यांच्यासह वेगळे मत लिहून दिले : अटींचे कुंपण नको, देशी उद्योगाला संरक्षण हेच उघड धोरण असावे. सरकारने नेमलेल्या अध्यक्षाने सरकारला न आवडणारे मत सहीनिशी द्यावे, याला हिंमत लागते. 1923 मध्ये टॅरिफ बोर्ड झाले. कापडावरचा तो कर 1925 च्या डिसेंबरात तहकूब झाला व पुढच्या वर्षी रद्द झाला. हे एकट्याचे काम नव्हते. गिरणीमालकांची मागणी, सभासदांचा रेटा आणि 1925 चा गिरणी कामगारांचा संप हे सारे त्यामागे होते.

आता आमची कबुली. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. दुकानाच्या घरपट्टीची एक नोटीस एकदा आली. कचेरीची मराठी नीट उमगली नाही. कोणाला विचारण्याची लाज वाटली, म्हणून ती आम्ही खातेवहीत ठेवून दिली. हरकतीची मुदत निघून गेली आणि वाढीव पट्टी मुकाट्याने भरावी लागली. जो माणूस ठोक व्यापाऱ्याच्या बिलात मीटरमागे चार आण्यांचा फरक पकडतो, तो पालिकेचा कागद वाचत नाही! चूक आमचीच होती.

म्हणून आमची तीन सांगणी आहेत.

एक : पालिकेचे अंदाजपत्रक दरवर्षी मिळवा आणि रोजकीर्दीसारखे वाचा. आपल्या मोहल्ल्याच्या गटार, पाणी, दिव्यांवर किती रक्कम धरली व किती खर्च झाली, ते पाहा. भाषा अडली तर शिकलेल्या मुलामुलींना सोबत बसवा.

दोन : नोटीस आली की त्याच दिवशी मुदतीची तारीख लिहून ठेवा. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.

तीन : निवडून जायचे असेल तर दुकान आणि पालिका यांच्या वह्या वेगळ्या ठेवा. पालिकेच्या ठेक्यात नगरसेवकाचा स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध असेल, तर 1965 च्या नगरपरिषद कायद्याप्रमाणे तो अपात्र ठरतो. कायदा नसता तरी लोकांचा पैसा ही अमानत आहे.

रहिमतुल्लांनी साऱ्या देशाच्या जकातीचा हिसाब तपासला, पण त्यांची सुरुवात मांडवीच्या गल्लीतून झाली होती. आपली गल्ली आपल्या दुकानासमोरच आहे.