थंडीतही घाम का फुटतो?

पौषातली पहाट. घरातील सारे पांघरुणात गुरफटलेले असतात आणि पंचेचाळिशीची आई एकाएकी उठून खिडकी उघडते. चेहरा लाल, मानेवर घाम. तापमापक लावून पाहावे, तर ताप नाही! चार-पाच मिनिटांत सारे शांत होते. मग उलट थंडी वाजू लागते. तिची पाळी तर अजून चालू आहे. मग हे काय?

मुलीच्या बीजकोशांत जन्मतःच सुमारे १० ते २० लाख अपक्व अंडपेशी असतात. हा साठा पुढे घटतच जातो. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी एफ.एस.एच. हे संप्रेरक सोडून बीजकोशांना कामाला लावते. चाळिशीनंतर साठा संपत आला, की ती ते अधिक प्रमाणात सोडू लागते. बीजकोश कधी जोराने प्रतिसाद देतात, कधी देतच नाहीत. त्यामुळे त्यांच्यापासून मिळणाऱ्या इस्ट्रोजेनची पातळी सावकाश न उतरता हेलकावे खाते. सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. हेलकावे मात्र त्याआधी काही वर्षे सुरू होतात.

आता एक कोडे पाहा. लहान मुलींच्या रक्तातही इस्ट्रोजेन फारच थोडे असते. पण त्यांना असे झटके येत नाहीत! म्हणजे केवळ कमतरता हे कारण नव्हे. शरीराला सवय झालेली पातळी ढळणे महत्त्वाचे.

स्वयंचलित इस्त्री ठराविक उष्णतेला आपोआप बंद होते. मेंदूतील हायपोथॅलॅमस असेच शरीराचे तापमान राखतो. तेथील काही चेतापेशींवर इस्ट्रोजेनचा लगाम असतो. तो सैल झाला, की न्यूरोकिनिन-बी या रसायनाद्वारे त्या तापनियंत्रक केंद्राला चेतवतात. मग किंचितशी तापमानवाढही केंद्राला फार वाटते. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो. या रसायनाची वाट अडवणारे फेझोलिनेटंट हे औषध २०२३ साली अमेरिकेत मान्य झाले.

पातळी सतत बदलत असल्याने एकाच रक्ततपासणीवरून निष्कर्ष काढता येत नाही. पंचेचाळिशीनंतर डॉक्टर मुख्यतः पाळीतील बदल व लक्षणे पाहतात. चाळिशीच्या आतच असे होऊ लागले, तर मात्र तपासणी अवश्य करावी.

तेव्हा मित्रांनो, ऐन थंडीत आईने पंखा लावला तर हसू नका. तिला खरोखरच उकडत असते!